गाडीत स्पीकर कुठे बसवावेत: ट्रे सोडा, दार धरा

नवी गाडी घरी आली, नारळ फुटला, लिंबू-मिरची लागली की खानदेशात पुढचं काम ठरलेलं असतं: मागच्या सीटमागच्या फळीला, म्हणजे ट्रेला, दोन भोकं पाडून ओव्हल स्पीकर टाकायचे. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, दुकानदार फारसं विचारत बसत नाही. ६×९ इंची जोडी खोक्यातून काढतो, खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा बोटानं दाखवतो आणि करवत शोधायला लागतो. गिऱ्हाईकही खूश, कारण मागे दणका बसतो आणि लग्नाच्या मांडवाजवळ डिक्की उघडी ठेवली की चारचौघांना गाणं ऐकू जातं.

मांडवात ऐकवायचं असेल तर ट्रेवरचे ओव्हल चांगलेच, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण काचा लावून, पुढच्या सीटवर बसून, भुसावळहून नाशिकपर्यंत गाणं ऐकायचं असेल तर ते पैसे चुकीच्या जागी गेले. गाडीतला आवाज कसा लागेल हे आधी जागा ठरवते, स्पीकरची किंमत त्यानंतर येते. दोन हजारांची जोडी नीट बसवलेल्या दारात आठ हजारांच्या ट्रेवरच्या जोडीला मागे टाकू शकते. का, ते पाहू.

कान आधी कोण आलं ते बघतो

आवाजाची दिशा आपल्याला कळते ती दोन कानांमुळे. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो, तरी मेंदू तो पकडतो. बारीक, तीक्ष्ण आवाजाला डोकं आडवं येतं, म्हणून पलीकडच्या कानाला तो कमी ऐकू येतो. दिशा कळायला याचाही उपयोग होतो. लॉर्ड रेले या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. पुढे १९४९ मध्ये हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं आपल्या कामाची गोष्ट दाखवली: तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतरानं आला तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच येतो, आणि तो आधी पोचलेल्या बाजूनं आल्यासारखा वाटतो.

आता हे गाडीत आणा. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे. ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि टेप घेऊन डोक्यापासून दोन्ही दारांतल्या स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा. हॅचबॅकमध्ये उजवीकडे साधारण ८५ सेंटिमीटर भरलं तर डावीकडे १३५ च्या आसपास भरेल. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. पन्नास सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ दीड मिलिसेकंद. उजवा स्पीकर तेवढा आधी पोचतो, शिवाय जवळ असल्यानं मोठाही ऐकू येतो. मग गाणारी बाई डॅशबोर्डच्या मधोमध उभी राहत नाही, तुमच्या उजव्या गुडघ्यावर येऊन बसते.

(मे महिन्यात ४५ अंशांत आवाजाचा वेग ३५८ मीटरपर्यंत जातो, मग हिशेब बदलणार का, असं कुणी विचारेलच. बदलतो, पण एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. एसी लावा आणि सोडून द्या.)

यावरून जागा निवडायचा पहिला नियम निघतो. दोन्ही स्पीकर आपल्या कानांपासून जितक्या सारख्या अंतरावर नेता येतील तितकं चांगलं, आणि दोन्ही पुढे हवेत. कीर्तन असो, तमाशा असो की ऑर्केस्ट्रा, आपण गाणाऱ्याकडे तोंड करूनच बसतो.

अंतराचा फरक सगळ्यांत कमी करणारी जागा म्हणजे किक पॅनल: पायाजवळ, दार आणि डॅशबोर्ड यांच्या मधला प्लास्टिकचा कोपरा. तिथे स्पीकर पुढे आणि लांब जातात, त्यामुळे डाव्या-उजव्यातला फरक निम्म्यावर येऊ शकतो. स्पर्धेसाठी गाड्या सजवणारे लोक या जागेवर जीव टाकतात. आपल्याला मात्र उजव्या कोपऱ्यात ॲक्सिलरेटरवरचा पाय आणि बॉनेट उघडायचा खटका आडवा येतो, डाव्या बाजूला बऱ्याच गाड्यांत फ्यूजची पेटी नाहीतर वायरिंगचा गठ्ठा. शिवाय शेतातून येणारे चिखलाचे बूट. त्यामुळे रोजच्या गाडीला उरतं ते दार.

दीड मिलिसेकंदाचं काय मग? आजकाल बऱ्याच अँड्रॉइड स्टिरिओंत 'टाइम अलाइनमेंट' किंवा 'डिले' नावाची सोय असते. जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवायचं, की दोन्ही आवाज एकदम पोचतात आणि गाणं मधोमध सरकतं. हा फरक पहिल्यांदा ऐकला की माणूस चाटच पडतो. मेख एवढीच की सेटिंग एकाच सीटसाठी जमते. ड्रायव्हरसाठी उजवी बाजू थांबवली की डावीकडे बसलेल्याला गाणं आणखीच त्याच्या दारात घुसल्यासारखं वाटतं. घरात भांडण नको असेल तर दोन सेटिंग साठवून ठेवा, एक एकट्यासाठी आणि एक दोघांसाठी.

दार हाच डबा

खरी गंमत दारात आहे, आणि खरा घोळही तिथेच.

स्पीकरचा कोन (मधला हलणारा पडदा) पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबतो, आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे एका स्पीकरमधून दोन आवाज निघतात, एक पुढून आणि एक मागून, एकमेकांच्या बरोबर उलटे. मागचा आवाज वळसा घालून पुढच्याला भेटला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला शंभर कंपनांच्या), म्हणजे ढोलकीच्या धुमाच्या आसपासच्या स्वराची एक लाट ३.४ मीटर लांब असते. तिला दाराच्या पत्र्यातल्या भोकातून वीस-तीस सेंटिमीटरचा वळसा म्हणजे काहीच नाही. पुढची-मागची लाट जवळजवळ पूर्ण कटते. ३,००० हर्ट्झची लाट मात्र जेमतेम अकरा सेंटिमीटरची. तिला एवढा वळसा लांबचा पडतो, त्यामुळे ती बरीचशी वाचते. नवा महागडा स्पीकर टाकूनही 'आवाज डब्यासारखा, चरचरीत येतोय' ही तक्रार यातूनच येते. बेस तयार झाला होता, पण दाराच्या आतच मेला.

उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसवताना आपण भोवतीच्या फटी पुठ्ठ्यानं किंवा थर्माकोलनं बुजवतो, नाहीतर गार हवा त्याच फटीतून बाहेर जाते आणि कूलर तीच हवा फिरवत बसतो. दाराचंही नेमकं तसंच.

एकदा दाराचं पॅड काढून बघा. चार-पाच स्क्रू, हँडलमागचा एक लपलेला, आणि कडेनं प्लास्टिकच्या क्लिपा. पॅड निघालं की आतला पत्रा दिसतो, आणि त्यात हाताचा पंजा सहज जाईल अशी मोठमोठी भोकं. काच आणि लॉक दुरुस्त करता यावं म्हणून कंपनीनं ती ठेवलेली असतात. त्यावर पातळ प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदानं लावलेला असतो. तो पाण्यासाठी आहे, आवाजाला तो अडवत नाही. आधीच्या मिस्त्रीनं तो फाडून तसाच सोडला असेल तर दाराच्या खिशात ठेवलेली कागदपत्रं पावसाळ्यात ओली का होतात याचं उत्तरही तिथेच मिळेल.

काम काय करायचं? मोठी भोकं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यानं किंवा एबीएस या कडक प्लास्टिकच्या शीटनं झाकायची, वर ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी रबरी शीट) दाबून बसवायची. लॉकचे गज आणि काचेची पट्टी मोकळी हलली पाहिजे, आणि उद्या पॉवर विंडोची मोटर गेली तर झाकण काढता आलं पाहिजे; म्हणून मोठ्या भोकाचं झाकण कायमचं चिकटवू नका, स्क्रूनं कसा. बाहेरच्या पत्र्याला आतून शीटचे तुकडे लावले तरी पुरतात, सगळा पत्रा मढवायची गरज नाही. बोटानं पत्रा वाजवून बघा: आधी 'टण्ण' येत होतं तिथे 'ठप्प' आलं की झालं.

शीट घेताना एक काळजी. स्वस्तात डांबराची शीट मिळते, छतावर गळती थांबवायला लावतात त्याच जातीची. पुण्यात ती कदाचित टिकेलही, पण भुसावळच्या उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. डांबर मऊ पडतं, खाली घसरतं आणि गाडीत रस्त्याचं काम चालू असल्यासारखा वास येतो. ब्यूटाइलला दोन पैसे जास्त द्या.

आणि दाराच्या तळाची छोटी भोकं बुजवू नका. काचेच्या रबराजवळून पाणी आत उतरतंच, ते याच भोकांतून बाहेर पडतं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आत जाऊन पावसाळ्यात तिचा गाळ होतो आणि भोकं आपोआप बंद होतात. पॅड काढलंच आहे तर काडीनं ती साफ करून घ्या. पाणी तुंबलं की आधी पत्रा गंजतो, मग स्पीकर.

स्पीकर बसवताना त्याच्याखाली कडी लागते, तिला दुकानात स्पेसर किंवा रिंग म्हणतात. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) रिंग स्वस्त आणि कापायला सोपी, पण ओल लागली की फुगते. जाड पीव्हीसी, एचडीपीई किंवा वॉटरप्रूफ प्लायची घ्या, नाहीतर एमडीएफला निदान रंगाचे दोन हात द्या. रिंगेचं दुसरं काम काचेशी आहे. ६.५ इंची स्पीकर मागे साधारण ५५ ते ७० मिलिमीटर खोल असतो. काच पूर्ण खाली घेतली की ती मॅग्नेटला घासू शकते, रिंग स्पीकरला तिच्यापासून लांब ठेवते. म्हणून भोक पाडण्याआधी काच खाली घेऊनच खोली मोजायची. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

स्पीकरच्या तोंडाभोवती फोमची पट्टी लावा, म्हणजे पॅड बसवल्यावर ती जाळीच्या मागे दाबली जाईल. नाहीतर निम्मा आवाज पॅड आणि पत्र्याच्या मधल्या पोकळीत शिरतो आणि पॅडच कुरकुरायला लागतं.

नव्या गाड्यांबाबत एक गंभीर गोष्ट. काही मॉडेलांत दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाजूनं धडक बसून पत्रा आत दबला की दाब वाढतो, त्यावरून एअरबॅगचा निर्णय होतो. अशा गाडीत दाराची भोकं आपल्या मनानं बुजवायची नाहीत आणि नवी पाडायचीही नाहीत. मॅन्युअल वाचा, सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि मूळ जागेवर मूळ मापाचाच स्पीकर घाला.

ट्विटर: गुडघ्याला कान नसतात

दारातला स्पीकर पोटरीच्या उंचीवर असतो. जाड आवाज सगळीकडे पसरतो, त्याला खालची जागा चालते. पण झांज, बेंजोची तार, शब्दांतले 'स' आणि 'च' हे बारीक आवाज सरळ रेषेत जातात आणि वाटेतल्या सीटच्या कापडात, पँटमध्ये जिरतात. कोनाच्या मधोमध ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) असलेला स्पीकर, ज्याला कोॲक्सियल म्हणतात, दारात लावला की निम्मं गाणं गुडघ्यालाच ऐकू जातं. म्हणून पुढे कंपोनंट सेट बरा: मोठा स्पीकर दारात, ट्विटर वेगळा, वर.

वर म्हणजे कुठे? तीन जागा असतात. काचेलगतचा खांब, डॅशबोर्डचा कोपरा, आणि आरशाच्या मागचा दारावरचा तिकोनी प्लास्टिकचा तुकडा. मला तिकोना आवडतो. तो दारातल्या स्पीकरपासून जवळ, त्यामुळे एकच गायिका शब्दागणिक खाली-वर उडी मारत नाही. डॅशबोर्डवर उताणा ठेवलेला ट्विटर समोरच्या काचेवर आदळून येतो. थेट आवाज आणि काचेवरून आलेला, असे दोन्ही कानात मिसळतात आणि चरचर वाढते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही वर तापतो, तिथे दुहेरी टेप पंधरा दिवसांत माना टाकतो. तिथेच बसवायचा असेल तर स्क्रूनं.

खांबाबद्दल मात्र हात आखडता घ्या. ज्या गाडीत पडद्यासारख्या उघडणाऱ्या कर्टन एअरबॅग आहेत, तिच्यात त्या छताच्या कडेनं जातात आणि बऱ्याचदा या खांबाच्या प्लास्टिकमागेही असतात. खांबावर 'एअरबॅग' किंवा 'एसआरएस' असं लिहिलेलं दिसलं तर तिथे ना ड्रिल, ना फायबरचा फुगवटा, ना एअरबॅगच्या समोरून नेलेली वायर. आत पिवळी वायर किंवा पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं असतं, त्याला हात लावायचा नाही. 'भाऊ, काही होत नाही, रोज बसवतो' असं म्हणणाऱ्या मिस्त्रीला हसून नमस्कार करा आणि पुढचं दुकान बघा.

ट्विटरची दिशा ठरवायची युक्ती सोपी आहे. ट्विटर सरळ आपल्याकडे न वळवता दोन्ही सीटच्या मधोमध वळवा. त्यामुळे जवळचा ट्विटर ड्रायव्हरला तिरका पडतो आणि मवाळ वाटतो, लांबचा जास्त समोर येतो, आणि दोघांचं वजन बरंचसं सारखं होतं. भोक पाडण्याआधी टेपनं तात्पुरते चिकटवून दोन दिवस गाडी चालवा. कान जुन्या मोनो रेकॉर्डिंगवर तपासा. त्यात दोन्ही बाजूंना अगदी तोच आवाज असतो, त्यामुळे गायक मधोमध यायलाच हवा. तो ठरला की लग्नातलं अहिराणी गाणं लावा आणि बेंजो टोचतो का बघा. मोठ्या आवाजात टोचत असेल तर ट्विटरची दिशा बदला, ट्रेबल कमी करायची घाई नको.

मागची माणसं, आणि मागचा वूफर

ट्रेवरचे ओव्हल ही सवय सेडानच्या जमान्यातली. ॲम्बेसेडर, पद्मिनी अशा गाड्यांत मागच्या सीटमागे पत्र्याची पक्की फळी आणि खाली बंद डिक्की. म्हणजे स्पीकरला आयता मोठा डबा मिळायचा, बेस सुटायचा. हॅचबॅकच्या ट्रेमध्ये यातलं काहीच नाही. ती दोरीवर लटकलेली भुशाच्या पुठ्ठ्याची फळी, चारी बाजूंनी फटी, दोन जड मॅग्नेट लावले की मधोमध वाकते. वरून जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली तर ती आख्खी फळी मागच्या माणसाच्या मानेवर येऊ शकते. मागे आई-वडील आणि पोरं बसतात, एवढं आठवलं तरी पुरे.

मागच्या माणसांना आवाज हवाच असेल तर मागच्या दारांत साधे कोॲक्सियल द्या. चैत्रात अख्खं घर वणीला निघालं की फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल ठरवणारी सेटिंग) मागे सरकवायचा, एकटे असाल तेव्हा पुढे आणायचा. मागचा आवाज ड्रायव्हरला वेगळा ओळखू आला की तो जास्त झाला असं समजा.

बेसची गोष्ट निराळी. ८० हर्ट्झच्या खाली लाट चार मीटरहून लांब होते, आणि एवढ्या जाड आवाजाची दिशा कानाला कळत नाही. म्हणून वूफर (फक्त जाड आवाजाचा मोठा स्पीकर) डिक्कीत, सीटखाली, कुठेही चालतो. छोटी गाडी इथे उलट फायद्यात: लाट केबिनपेक्षा खूप लांब झाली की आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि बेस आपोआप फुगतो. हॅचबॅकला आठ किंवा दहा इंची वूफर भरपूर होतो, बारा इंची पेटीनं डिक्कीत केळीची फणीसुद्धा मावायची नाही.

तरी 'बेस मागूनच येतोय' असं वाटतं, त्याचं कारण बहुधा वूफर नसतो. खडखडणारी नंबरप्लेट, डिक्कीचं सैल झाकण, जॅकच्या खाचेत पडलेला पाना, हे सगळे बारीक आवाज करतात आणि कान त्यांचा माग काढत मागे जातो. नंबरप्लेटच्या मागे फोम लावा, वूफरला ८० हर्ट्झच्या वरचं काही देऊ नका, आणि दारातल्या स्पीकरना तेवढ्याच आकड्याच्या खालचं देऊ नका. पेटी पट्ट्यानं बांधा. वीस किलोची वस्तू मोकळी ठेवायची नसते. सीटखालचा वूफर घेण्याआधी सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा, आणि मागे जाणारी एसीची नळी कुठून जाते तेही.

जुनी जीप, पिकअप, काळीपिवळी यांचं गणित वेगळं. दारं पातळ, काही ठिकाणी ताडपत्रीच, डॅशबोर्डमध्ये चार इंची जागा असली तर असली. छताला उलटे टांगलेले स्पीकर तिथे कान खातात. अशा गाडीत डॅशबोर्डखाली दोन्ही टोकांना छोट्या बंद लाकडी पेट्या पक्क्या बोल्टनं बसवणं सगळ्यांत सरळ. पेटी स्वतःच डबा असल्यानं दाराची सगळी कटकट वाचते, आणि डिझेल इंजिनाच्या आवाजावर गाणं ऐकू येतं.

काहीही बसवलं तरी दाराचं पॅड लावण्याआधी एक तपासणी राहते. डाव्या-उजव्यापैकी एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो. मग दार कितीही बुजवा, बेस मधल्या हवेत कटतो आणि गायक कुठेच सापडत नाही. स्टिरिओच्या मागचं स्पीकरचं सॉकेट काढा आणि भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. वायरीच्या टोकांना, अधिकला अधिक आणि उण्याला उणं, क्षणभर टेकवा. हे फक्त मोठ्या स्पीकरला करायचं, ट्विटरला नाही. 'टक्' असा आवाज येईल आणि कोन किंचित हलेल. दुसऱ्या माणसाला दाराजवळ बसवून कोनावर बोट ठेवायला सांगा. दोन्ही दारांत कोन बाहेरच आला पाहिजे. एकीकडे आत गेला तर त्या बाजूच्या दोन वायरी अदलाबदल करा, पुन्हा सेल टेकवून बघा, आणि मगच पॅडच्या क्लिपा ठोका.